स्टिकरखालचे शेंगदाणे

आज दुपारपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

कोथरूडमधल्या एका दुकानातून ड्रायफ्रूट बर्फीचा खोका आणला. हिरवा ठिपका, चौदा आकडी परवाना क्रमांक, सगळं जागेवर. फक्त मागच्या घटकपदार्थांच्या यादीवर दुकानाचा किमतीचा स्टिकर. घरी येऊन नखानं खरवडला. साखर, शेंगदाणे, खजूर, काजू. शेंगदाणे दुसरे! यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असते, म्हणजे साखरेखालोखाल त्या बर्फीत शेंगदाणेच. आणि खोक्यावर चित्र काजू-बदामांचं.

माझ्या लेकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. जुन्या मित्रमैत्रिणींना आमची ती संध्याकाळ माहीत आहे. लेक सहा वर्षांचा होता. कुणीतरी प्रेमानं लाडवांचं पाकीट दिलं. वर मोठ्या अक्षरांत 'घरगुती, शुद्ध, पौष्टिक'. त्यानं निम्मा लाडू खाल्ला असेल, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला. नळ स्टॉपला रिक्षा अडकली तेव्हा माझ्या मांडीवर तो श्वासासाठी धडपडत होता. डॉक्टरांनी आधी मांडीत अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं, मग विचारलं, काय खाल्लं? मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. आत काय आहे, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आज खोका घेऊन परत दुकानात गेले. मालक म्हणाले, "ताई, नेहमीचं गिऱ्हाईक तुम्ही. कधी शिळं दिलंय का तुम्हाला?" अहो, शिळ्याचं कोण बोलतंय? मला आत काय आहे ते वाचायचंय. शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, मासे हे अ‍ॅलर्जीचे घटक वेगळे नमूद करायचे, हे २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत स्पष्ट आहे. किंमत कमी केल्याचा स्टिकर लावायचा तरी मूळ छापील किंमत झाकायची नाही, असा नियम आहे. किमतीची एवढी काळजी, आणि घटकांची यादी मात्र खुशाल बुजवायची?

"शेंगदाण्याची कसली अ‍ॅलर्जी? आमच्या वेळी नव्हती असली थेरं." हे मला लग्नाच्या पंगतीत ऐकवलं गेलंय. आपल्याकडे खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट. ज्या घरांत काहीही खाल्लं तरी चालतं, त्यांना हे कळणं अवघड आहे, तेही मी समजू शकते. पण ज्यांनी रिक्षातला तो श्वास ऐकलाय ते असं बोलत नाहीत.

मान्य, घरी लाडू वळून विकणाऱ्या बाईला छापील खोका परवडत नाही. तिच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. अशाच एका काकूंकडून मी दिवाळीचा फराळ घेते. त्या वहीचा कागद फाडून प्रत्येक डब्यावर चिकटवतात: कशात काय, कधी केलं, कधीपर्यंत खायचं. निळ्या शाईत, सुवाच्य मराठीत. त्या डब्यांवर माझा जितका विश्वास आहे, तितका चकचकीत खोक्यांवर नाही. शिवाय सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत दिली की नियमाचं काम भागतं. माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही, आणि शाळेतून आल्यावर नातवाला खाऊ त्याच देतात. त्यांनी काय वाचायचं?

तक्रारीनं काही होत नाही म्हणणाऱ्यांना सांगते. साखरेच्या पेयांवर 'ओआरएस', म्हणजे जुलाब झाल्यावर देतात त्या साखर-क्षारांच्या द्रावणाचं नाव, छापून ती विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं त्याविरुद्ध भांडल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, तो शब्द पेयांच्या नावांतून काढायला लावला. लेबलावरच्या तीन अक्षरांसाठी एक डॉक्टर इतकी झगडली.

हे लिहिताना राग थोडा उतरलाय. तो दुकानदार वाईट माणूस नाही, लेक लहान असताना त्याला हातात गोळी दिल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्यांना कुणी ते उलटसुलट केलेलं पाकीट दाखवलेलंच नाही.

खोक्याचे फोटो काढलेत, स्टिकरसकट आणि स्टिकर काढल्यावरचेही. एफएसएसएआयच्या अ‍ॅपवर तक्रार टाकलीये. उद्या सकाळी अकराला दुकानात परत जाणार आहे, मांडणीवरच्या बाकी खोक्यांवरचे स्टिकर त्यांच्यासमोर काढायला. कोथरूडमधलं कुणी सोबत येतंय का?