कपाट आवरा, वीस मिनिटांत

कपाट आवरायला रात्री साडेदहालाच घ्यावं. दिवसा वेळ असतो, वेळ असला की माणूस विचार करतो, आणि विचार करून आजवर कुणाचं कपाट आवरलेलं नाही.

आधी आतलं सगळं पलंगावर ओता. झोपायला जागा उरली नाही, की निर्णय भराभर होतात. आता तीन ढीग करा: ठेवायचे, द्यायचे, टाकायचे. मग चौथा करा, ‘बघू’. पहिले तीन शास्त्रापुरते. खरा ढीग हाच.

‘बघू’मध्ये ती जीन्स जाते, जिचं बटण मागच्या खेपेला श्वास रोखूनही लागलं नव्हतं. टाकू नका. बारीक झाल्यावर घालायला म्हणून नव्हे. तुम्ही कधीकाळी बारीक होता याचा तेवढाच छापील पुरावा घरात आहे. एकटा मोजाही ठेवा. त्याचा जोडीदार परत येईल, आणि हा गेलेला पाहून त्याला काय वाटेल?

कुणी हसलं तर अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलरांचं नाव सांगा. आपलं झालेलं सोडताना त्याची किंमत अचानक वाढते, या सवयीला त्यांनी १९८० मध्ये ‘एंडोमेंट इफेक्ट’ हे नाव दिलं. पुढे १९९० मध्ये छापून आलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग फुकट वाटले, तर विकताना ते घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट भाव सांगू लागले. फुकटच्या मगाची ही गत. तुमचा कोट तर तुम्ही पैसे मोजून आणलाय, आणि एकदाही घातलेला नाही. थेलरांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. तुम्ही तेच रोज सिद्ध करता, पण कौतुक कुणाला आहे?

हँगरची एक युक्ती फार सांगितली जाते. सगळे हँगर उलटे अडकवायचे, घातलेला कपडा परत ठेवताना सरळ करायचा. सहा महिन्यांनी जे उलटेच राहिले, ते घराबाहेर. युक्ती उत्तम आहे. फक्त मुदत संपायच्या आदल्या रात्री प्रत्येक कपडा अंगात घालून आरशासमोर मिनिटभर उभे राहा.

लोकरीचा स्वेटर न धुता तळाशी कोंबा. कसरीच्या अळ्यांना लोकर आवडतेच, घामट आणि डागाळलेली तर फारच. जो निर्णय तुम्हाला पाच हिवाळ्यांत घेता आला नाही, तो त्या घेऊन टाकतील. डांबराच्या गोळ्या घालाल, तर त्या हळूहळू हवेत विरून जातात. कपाटातून आपण होऊन बाहेर पडणारी एवढी एकच वस्तू माझ्या पाहण्यात आहे.

घड्या मात्र उभ्या लावा, पुस्तकांसारख्या. सगळे कपडे एका नजरेत दिसतात. (मी लावल्या होत्या. एकाच रंगाचे सात टी-शर्ट दिसले. पुन्हा आडव्या लावल्या.)

मग खोके आणा. पारदर्शक नकोत, आतलं दिसतं. ‘बघू’चा ढीग त्यांत भरा आणि वर ठळक अक्षरांत लिहा: ‘इतर’. सगळ्या खोक्यांवर तेच लिहा, म्हणजे घोळ होत नाही. एवढ्यात वीस मिनिटं होतातच. उरलेलं खुर्चीवर टाका. खुर्ची कपाटात मोजत नाहीत.

आता दाराला खांदा लावा, श्वास धरा आणि कडी घाला. सकाळी टॉवेल लागेल तेव्हा मात्र जरा बाजूला उभं राहून उघडा.