कोकणात ‘इंडिका’ पिकवण्याचा दावा का टिकत नाही

पुण्यात नोकरी किंवा व्यवसाय आणि दापोली, गुहागर, श्रीवर्धनकडे दहा-वीस गुंठे जमीन, अशी मंडळी ज्या व्हॉट्सॲप गटांत आहेत तिथे सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गांजाची इंडिका जात मूळची भारतीय असल्याने कोकणच्या दमट हवेत ती विनासायास फोफावते, पाने आणि बिया कायद्यातून वगळल्या असल्याने त्यांच्यासाठी लागवड करता येते, घरापुरती दोन-चार झाडे असतील तर गुन्हा होत नाही, आणि उत्तराखंडाने परवानगी दिलीच आहे. या विधानांत सत्याचा एकेक तुकडा आहे आणि त्यामुळेच सुशिक्षित माणसेही तो संदेश पुढे पाठवत आहेत.

आधी हवामानाचा दावा पाहू. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ‘इंडिका’ हे नाव दिले, इतके खरे आहे. मात्र त्याने वर्णन केलेले झाड अरुंद पानांचे होते. आज बियाण्यांच्या बाजारात इंडिका म्हणून जे बुटके, रुंद पानांचे, घट्ट फुलोऱ्याचे वाण विकले जाते, त्याचे मूळ हिंदुकुशच्या परिसरात, म्हणजे अफगाणिस्तान आणि लगतच्या पाकिस्तानात आहे. तिथे फुलोरा भरण्याच्या दिवसांत हवा कोरडी असते, त्यामुळे दाट फुलोऱ्याचा त्या झाडाला त्रास होत नाही. कोकणात हाच दाटपणा त्याच्या मुळावर येतो. फुलोऱ्याच्या आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही, बुरशी आतून सुरू होते आणि वरून डाग दिसेपर्यंत गाभा कुजलेला असतो. दाट घडात पाणी अडकल्यावर काय होते, हे नारायणगावच्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराला विचारावे.

येथे दिवसाच्या लांबीचाही प्रश्न आहे, आणि त्याचा संदेशात उल्लेखसुद्धा नाही. हे झाड दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते. काबूलच्या अक्षांशावर जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेचौदा तासांचा असतो, तर दापोलीत तो तेरा तासांच्या थोडाच पुढे जातो. त्यामुळे उत्तरेकडच्या वाणाला कोकणात वाढीसाठी पुरेसे मोठे दिवस मिळतच नाहीत. ते लवकर फुलावर येते आणि ऐन श्रावण-भाद्रपदात फुलोरा धरते. रत्नागिरीला वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. शिवाय पाणी साचलेली जमीन या पिकाला अजिबात सोसत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. इंग्रजी अमलात परवान्याचा गांजा बंगालमधल्या नौगावात, म्हणजे ओलसर सखल प्रदेशातच होत होता. ते खरे आहे. परंतु तिथे रोपे पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास शेतात लावली जात आणि काढणी कोरड्या हिवाळ्याच्या अखेरीस होई. शिवाय ते वाण त्याच प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले होते. आपल्या बाजूला मुंबई इलाख्यातली अशी लागवड अहमदनगरकडच्या कोरड्या पठारावर होती. शासन स्वतः महसूल घेत होते, त्या काळातही हे पीक पर्जन्यछायेत गेले, यातून शेतकऱ्याचे व्यवहारज्ञान दिसते.

आता कायद्याकडे येतो, कारण खरी हानी इथे होणार आहे. अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ यात गांजाची व्याख्या करताना शेंड्याच्या फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया वगळल्या आहेत, हे संदेशातले विधान बरोबर आहे. परंतु ती व्याख्या पदार्थाची आहे. लागवडीचा विचार त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये स्वतंत्रपणे केला आहे आणि तिथे ‘गांजाचे कोणतेही झाड’ लावण्यास मनाई आहे. झाडाची व्याख्याही त्या प्रजातीतील कोणतेही झाड अशी व्यापक आहे. इंडिका, सटाइव्हा, संकरित असा भेद कायदा करत नाही आणि झाड पानांसाठी लावले की फुलांसाठी, हेही विचारत नाही. बियांची सबब तर वनस्पतिशास्त्रातही टिकत नाही, कारण बी फुलोऱ्यातच धरते. बी पिकेपर्यंत झाड उभे ठेवायचे म्हणजे फुललेला, फळलेला शेंडा आपल्या शेतात उभा ठेवायचा, आणि कायद्यातला गांजा म्हणजे नेमका तोच भाग आहे. शिवाय महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा पानांनाही, म्हणजे भांगेलाही, आपल्या कक्षेत घेतो. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पच्या, म्हणजे धागा-बियांसाठी घेतल्या जाणाऱ्या कमी नशेच्या गांजाच्या झाडाच्या, बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, तीही खाण्यापुरती आहे. तिचा पेरणीशी संबंध नाही.

दोन-चार झाडांची सूट कायद्यात कुठेही नाही. अल्प प्रमाण म्हणून १ किलोची जी मर्यादा सांगितली जाते ती गांजा जवळ बाळगण्यासारख्या गुन्ह्यांत शिक्षा ठरवण्यासाठी आहे, आणि त्या मर्यादेतही गुन्हा हा गुन्हाच असतो. लागवडीसाठी १९८५ च्या अधिनियमाच्या कलम २० मध्ये १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. झाडांच्या संख्येनुसार तिथे पायऱ्या केलेल्या नाहीत.

उत्तराखंडाचे उदाहरण अपुरे सांगितले जाते. त्या राज्याने २०१८ पासून परवान्याखाली औद्योगिक हेम्पच्या लागवडीला वाट दिली, पण नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत असण्याची अट घातली. इंडिका म्हणून विकल्या जाणाऱ्या वाणांत हे प्रमाण त्याच्या कित्येक पट असते. म्हणजे संदेशात सुचवलेले वाण उत्तराखंडातही बेकायदेशीर ठरेल. आणि तिथला परवाना महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर चालत नाही.

मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती जागेवर राहणाऱ्या माणसाची. मालक कोथरूडला किंवा औंधला असतो, महिन्यातून एखादी चक्कर मारतो. झाडांना पाणी घालणारा, कुंपण पाहणारा राखणदार मात्र तिथेच असतो, आणि पोलीस आले तर पहिला प्रश्न त्याला विचारला जातो. अनेकदा झाड कसले आहे हे त्याला कोणी नीट सांगितलेलेही नसते. मालकालाही मोकळे राहता येत नाही, कारण आपल्या जमिनीवर असे झाड बेकायदा लावलेले आहे हे ठाऊक असताना न कळवणे हाही त्याच अधिनियमाच्या कलम ४६ प्रमाणे दंडनीय अपराध आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी या माणसाचा विचार केलेला दिसत नाही.

मोकळ्या जमिनीत धाग्याचे पीक घेण्याची खरीच हौस असेल, तर ताग, ज्याला आपल्याकडे बोरूही म्हणतात, उपलब्ध आहे. तो शेंगवर्गीय असल्याने मुळांवाटे जमिनीला नत्र देतो, फुलावर येण्याच्या सुमारास गाडला तर उत्तम हिरवळीचे खत होते आणि त्याच्या सालीपासून दोरखंडाचा वाख निघतो. त्यालाही पाणी तुंबलेले चालत नाही, म्हणून उताराची, निचरा होणारी जागा निवडावी. कोणत्या जमिनीत काय लावावे याचा सल्ला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात मिळू शकतो.