ओळखीतला माणूस आहे!

फोन उचलत नाही, पण रोज सकाळी पावणेसातला 'शुभ सकाळ' न चुकता येतं. गुलाबाचं फूल, खाली सुविचार. परवाचा सुविचार 'विश्वास' या विषयावर होता. आमच्या बाथरूमचं काम घेतलेल्या कॉन्ट्रॅक्टरबद्दल बोलतेय.

डोंबिवलीतली आमची बिल्डिंग २७ वर्षांची. खालच्या काकूंच्या छताला ओल आली, म्हणून बाथरूम पार उकरून नव्याने करायचं ठरलं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी नंबर दिला. 'ओळखीतला माणूस आहे' एवढ्या तीन शब्दांवर २ लाख ४० हजारांचं काम दिलं. वायदा २१ दिवसांचा. कागद म्हणाल तर त्याच्याच व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेला आकडा.

पहिले दोन दिवस काय तो झपाटा! टाइल्स, पाइप, जुना कोबा, सगळं फोडून गोण्यांत भरून खाली. मी तर कौतुकाने शेजारणीला नंबर देणार होते. तोडफोड एवढी झटपट का उरकतात ते आता कळतं. घरातलं एकुलतं एक बाथरूम फुटलं की तुम्ही जाणार कुठे? दुसऱ्याचं अर्धवट काम कुणी हातात घेत नाही. तोवर दीड लाख त्याच्या खिशात गेलेले, त्यातले ७० हजार रोख, बिनपावतीचे. तिसऱ्या दिवसापासून 'उद्या माणूस पाठवतो' सुरू. संडास वेगळा आहे म्हणून निभावलं, पण अंघोळीला सगळं बिऱ्हाड टॉवेल घेऊन दिरांकडे जातच होतं.

मी काही विचारलं की 'मॅडम, मी साहेबांशी बोलतो'. साहेबांना कोबा कशाशी खातात हे ठाऊक नाही, पण बोलायचं साहेबांशीच.

मला शहाणं केलं ते मिस्त्रीने. एकदा चहा पिता पिता हळूच म्हणाला, "ताई, डबा एकच आलाय. दोन हात मारायला दोन लागतात." मग त्यानेच समजावलं. वॉटरप्रूफिंगचा एक हात उभा मारायचा, तो वाळला की दुसरा आडवा. नंतर नहाणीचं, म्हणजे पाणी जायच्या जाळीचं, तोंड बंद करून पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. आमच्याकडे सकाळी पाणी भरलं, दुपारी काढलं आणि जाहीर झालं, 'लीकेज नाही'. अहो, चार तासांत काकूंच्या छतापर्यंत थेंब तरी पोचतो का?

त्या मिस्त्रीचीही दोन आठवड्यांची मजुरी थकलेली. माझ्या ॲडव्हान्समधून दुसऱ्या साइटचं सिमेंट आलं होतं, आणि माझं सिमेंट तिसऱ्याच्या ॲडव्हान्सची वाट बघत होतं. म्हणून मी कॉन्ट्रॅक्टरला चोर म्हणणार नाही. याची टोपी त्याच्या डोक्यावर, असा तो धंदा. पण ती टोपी मीच काढून दिली ना? कागद मागायची लाज वाटली. ओळखीतला माणूस, त्याला काय वाटेल!

टाइल्स बसल्यावर लेकाची गोटी फरशीवर सोडून पाहिली. नहाणीकडे जायच्या ऐवजी गोटी थेट दाराकडे. लादी पुन्हा फोडली. एकूण ७४ दिवस.

कुणीतरी म्हणालं, रेराकडे, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे जा. रेरातली पाच वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी बिल्डरची, आपण नेमलेल्या कॉन्ट्रॅक्टरची नाही. याच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही बोलता येतं. माझी गाडी अडते ती पुराव्यावर. बँकेतून गेलेले पैसे दिसतात, रोखीचे ७० हजार दाखवायचे कसे? मेसेज आहेत म्हणा, पण त्यातले निम्मे गुलाबाचे.

आता खोलीतली वायरिंग करायची आहे. या वेळी कागदावर लिहून घेतलंय: पाइप टाकले की एवढे, वायर ओढली की एवढे, आणि शेवटचे २० टक्के सगळे दिवे लावून पाहिल्यावर. इलेक्ट्रिशियनने सही करताना तोंड वाकडं केलं. करू दे.

काल काकू वर आल्या होत्या. ओल वाळली, आता छताला रंग द्यायचाय म्हणाल्या. आणि मलाच विचारतात, "तुझ्या ओळखीतला कुणी आहे का गं?"