शिकलेला ट्रोल

ट्रोल हा मुळात सरळमार्गी प्राणी. इथे मी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायच्या काल्पनिक साहसाच्या खेळातला ट्रोल म्हणतोय, फेसबुकवरचा नाही. हिरवट कातडी, लांबच लांब हात, समोर येईल त्याला फाडायचं आणि खायचं. जखम झाली तर दर फेरीला पाच पॉइंट आपोआप भरून निघतात. आगीने किंवा ॲसिडने झालेली तेवढी भरत नाही. बुद्धी सहा. साध्या माणसाची दहा-अकरा असते, म्हणजे बघा.

अशा प्राण्याला शिकवून जादूगार करायची वेळ माझ्यावर आली ती आमच्या पोट्ट्यांमुळे.

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपारी माणूस कूलरसमोरून हलत नाही. आमच्याकडे हा खेळ रुजला तो असा. रविवारी प्रतापनगरच्या घरात समोरच्या खोलीत मंडळी जमतात. मी डंजन मास्टर, म्हणजे राक्षस, राजे, दुकानदार आणि पाऊसपाणी ही सगळी खाती माझ्याकडे. कूलरच्या वाऱ्याने कॅरेक्टर शीट, म्हणजे प्रत्येकाच्या पात्राची माहिती लिहिलेले कागद, उडतात म्हणून प्रत्येकीवर स्टीलचा ग्लास ठेवलेला असतो. ग्लासाच्या बुडाचा ओला गोल नेमका हिट पॉइंटच्या, म्हणजे जीव किती उरला त्याच्या रकान्यावर उमटतो, पेन्सिलीचा आकडा फिसकटतो, आणि मग "तो तीन नाही बे, आठ आहे" यावर पाऊण तास जातो.

तर ही मंडळी आता आठव्या लेव्हलला पोचली. या लेव्हलला साधा ट्रोल म्हणजे चिल्लर. त्याचे हिट पॉइंट ६३, आणि माझा मावसभाऊ, जो बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा खेळतो, तो तेवढे उडवायला फार वेळ घेत नाही. उरलेलं काम आग करते. आग लावताना सगळे एका सुरात ओरडतात, "ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे पुतळे जळताना पाहत वाढलेल्या लोकांना जळण्यालायक राक्षस दिला की दुसरं काय होणार.

उपाय पुस्तकात होता. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि तिने राक्षसांनाही माणसांसारखेच ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे सहा गुण दिले. म्हणजे त्यांनाही फायटर, रेंजर, विझार्ड (जादूगार) असा क्लास, म्हणजे पेशा, देता येऊ लागला. आम्ही २००३ची साडेतीन आवृत्ती खेळतो. नव्या आवृत्त्यांत राक्षसाचा हिशेब पुष्कळ सुटसुटीत झालाय असं पोरं सांगतात, पण सुटसुटीत गोष्टीत आमच्या गटाला भांडायला काही मिळत नाही.

ट्रोलला लढाईतला क्लास दिला, तर प्रत्येक लेव्हलमागे त्याचा धोका, म्हणजे तो कितव्या लेव्हलच्या मंडळींना तोडीस तोड तो आकडा, पुरा एकाने वाढतो. पुस्तकात सहा लेव्हलचा रेंजर ट्रोल तयारच दिलाय. मूळ धोका ५, त्याचा ११. पण त्याच ट्रोलला विझार्डचं शिक्षण दिलं तर पहिल्या सहा लेव्हलना निम्माच धोका धरतात, म्हणजे ५ अधिक ३, झाले ८. तालीम केली तर पूर्ण मार्क, पुस्तकं वाचली तर अर्धे. नियम लिहिणारे आमच्याच कॉलनीत राहिले असणार. मला आठच हवे होते, म्हणून मी ट्रोलला शिकवायचं ठरवलं.

रोज रात्री जेवणं झाली की वही काढायची. क्लास घेणाऱ्या राक्षसाला गुणांत वाढ मिळते: दोन गुणांत चार-चार, दोनांत दोन-दोन, एक आहे तसा आणि एकात दोन वजा. चार मी बुद्धीत घातले, झाली दहा. वजा दोन व्यक्तिमत्त्वात; ते आधीच सहा होतं, चार झालं तर कोणाला कळणार? मग फीट, म्हणजे खास करामती. मग स्किल पॉइंट, ज्यांच्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण घरात लहान मुलं आहेत. बायको एकदा पाणी प्यायला उठली, वही पाहिली आणि म्हणाली, "रिटर्न भरून राहिला का?" मी हो म्हटलं. ट्रोलचं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

पुढे लेव्हली वाढल्या तशी बुद्धी आणखी दोनने चढली. बारा. आता सहाव्या लेव्हलच्या विझार्डला तिसऱ्या पायरीचे मंत्र मिळतात, त्यातच फायरबॉल येतो. पण तिसऱ्या पायरीला बुद्धी लागते तेरा. पोरगं एका मार्काने राहिलं. म्हटलं जाऊ दे, ज्याला आगीचंच भय, त्याने फायरबॉल शिकून काय दिवे लावायचे!

विझार्ड म्हटला की मंत्रांची वही आली, आणि ती उघडून रोज तासभर अभ्यास. सोबतीला एक पाळीव जीवही घेता येतो. मी बेडूक दिला, त्याने मालकाला तीन हिट पॉइंट मिळतात. समोर ठेवलेला बेडूक सहा लेव्हल न खाता सांभाळणं, हे माझ्या मते त्या ट्रोलचं खरं शिक्षण. एकूण हिट पॉइंट १४१, दोन मंत्रांनी बचाव १६वरून २४, आणि वर मिरर इमेज, म्हणजे स्वतःच्या खोट्या प्रती.

रविवार उजाडला. बार्बेरियन धावला, कुऱ्हाड घातली, ट्रोल फट्‌कन नाहीसा झाला. शेजारी तसेच चार उभे.

"का बे, हा काय करून राहिला?" मावसभाऊ.

"मिरर इमेज मारली त्यानं," आमचा सीए होऊ घातलेला मित्र म्हणाला. "विझार्ड आहे बे हा! ट्रोल विझार्ड!"

मी आतून फुललो. आता घाबरतील.

"थांबा थांबा," वहिनी म्हणाल्या. त्या क्लेरिक, म्हणजे पुजारी खेळतात आणि त्यांना राक्षसांची जायंट भाषा येते. "मारू नका त्याले. मले विचारू द्या. शिकला कुठं हा?"

माझ्या वहीत सगळं होतं, एवढं सोडून. "एका गुरूकडे," मी म्हणालो.

"कुठं असते तो गुरू?"

"खाल्ला."

"मधातच खाल्ला असंन," सीए म्हणाला. तोवर त्याने कागदावर ट्रोलची बुद्धी काढून ठेवली होती. "म्हणून याचा फायरबॉल राहून गेला."

"म्हणजे आता सेल्फ स्टडी करते का? अरे बाप्पा!" वहिनी कळवळल्या. "आणि तो बेडूक पाहा किती जपला त्यानं."

बार्बेरियनने कुऱ्हाड खाली ठेवली. राक्षसाला ताकद देऊन काही बिघडत नाही, लोक मारतातच. शिक्षण दिलं की नागपूरचा माणूस त्याची चौकशी करतो. आणि गाव, गुरू, पुढचा विचार काय, इतकं विचारून झाल्यावर आग लावायला हात उचलत नाही. १४१तला एकही हिट पॉइंट खर्च झाला नाही. मंडळींनी त्याला सोबत घ्यायचं एकमताने ठरवलं.

तिथे सीएने पुस्तक उघडलं. राक्षस समोरून लढत असेल तर हा आठचा. पण आपल्या बाजूने घ्यायचा तर हिशेब निराळा: अंगचे सहा, क्लासचे सहा आणि ट्रोल असल्याचे वरचे पाच. सतरा.

"सतरा?" मावसभाऊ उठून उभाच राहिला. "आम्ही आठचे अन् हा सतराचा? फायरबॉल येत नाही लेकाले!"

"सीनियर झाला तो आपल्याले," सीए म्हणाला.

यावर दोन रविवार भांडण चाललं. शेवटी वहिनींनी तोडगा काढला: पर्मनंट करायचंच नाही, कंत्राटावर ठेवू. सगळ्यांना एकदम पटलं. पुस्तकात कंत्राटी ट्रोलचा नियम नाही, तो मी रविवारपर्यंत करून आणायचा आहे. बेडकाचा भत्ता वेगळा.