झिदान नुसताच टाळ्या वाजवत होता?

स्पेनच्या रेआल माद्रिद फुटबॉल क्लबने 2016, 2017 आणि 2018 अशी लागोपाठ तीन वर्षं चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकली, पण त्यात प्रशिक्षक आणि माजी सुपरस्टार खेळाडू झिनेदिन झिदानचं कर्तृत्व शून्य, असा दावा अजूनही हिरिरीने केला जातो. मुद्दे ठरलेले असतात: नावावर खुर्ची मिळाली, संघ आयता होता, डावपेचांच्या नावाने बोंब, नशीब जोरावर आणि उरलेलं सगळं रोनाल्डोने केलं.

खुर्चीचं आधी उरकू. झिदान 2013-14 मध्ये माद्रिदचा तेव्हाचा प्रशिक्षक कार्लो अँचेलोटीचा सहायक होता, नंतर क्लबच्या दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक. तिथे त्याने फार काही दिवे लावले नाहीत. जानेवारी 2016 मध्ये मुख्य संघ हाती आला त्यात नावाचं वजन होतंच. पण त्या मोसमात ला लीगातले, म्हणजे स्पेनच्या साखळी स्पर्धेतले, शेवटचे बारा सामने माद्रिदने ओळीने जिंकले आणि विजेतेपद एका गुणाने हुकलं. ते काही नावामुळे झालं नाही.

आता 'आयता संघ'. नोव्हेंबर 2015 मध्ये झिदानच्या आधीचा प्रशिक्षक राफा बेनिटेझच्या हाताखाली याच खेळाडूंनी घरच्या मैदानावर बार्सिलोनाकडून 0-4 असा मार खाल्ला होता. त्या दिवशी मधल्या फळीत मॉड्रिच, क्रूस आणि हामेस. बचावाकडे झुकलेला मिडफिल्डर कासेमिरो सुरुवातीच्या अकरांत नव्हता. एप्रिल 2016 मध्ये झिदानने बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर कासेमिरोला बचावफळीच्या पुढ्यात उभं केलं. माद्रिदच्या रामोसला लाल कार्ड मिळूनही माद्रिद 2-1 जिंकलं आणि बार्सिलोनाची 39 सामन्यांची अपराजित घोडदौड थांबली. चेंडू हिसकावण्याचं कष्टाचं काम कासेमिरोने उचलल्यावर क्रूस-मॉड्रिच मोकळे झाले. पुढच्या तिन्ही अंतिम सामन्यांत हेच त्रिकूट सुरुवातीपासून खेळलं. याला डावपेच म्हणायचं नाही तर कशाला?

2017 च्या अंतिम सामन्यात त्याने स्टार आघाडीपटू बेलला बाकावर ठेवून इस्कोला खेळवलं. समोर युव्हेंटस, ज्यांनी त्या मोसमात अंतिम सामन्यापर्यंत स्पर्धेत फक्त तीन गोल खाल्ले होते. मध्यंतराला 1-1, शेवटी माद्रिद 4-1.

नशिबाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. 2017 मध्ये बायर्नविरुद्ध पंचांचे निर्णय माद्रिदच्या पथ्यावर पडले, 2018 च्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा स्टार सालाह जखमी होऊन बाहेर गेला आणि त्यांचा गोलरक्षक कारियस दोनदा चुकला. हे नाकारणारा माद्रिदचा आंधळा भक्तच म्हणावा. तरी त्याच सामन्यात 61व्या मिनिटाला झिदानने बेलला उतरवलं आणि तीन मिनिटांत बेलने ती ओव्हरहेड किक, म्हणजे हवेत उलटं झेपावून मारलेला फटका, मारून गोल केला. ते खातं कारियसच्या नावावर कसं टाकणार?

रोनाल्डोचं म्हणाल, तर 2016-17 मध्ये झिदानने त्याला ला लीगात ठरवून विश्रांती दिली. 38 पैकी 29 सामनेच तो खेळला. एवढ्या मोठ्या खेळाडूला 'आज तू घरी बस' हे सांगणं सोपं नसतं, आणि माजी सुपरस्टार असण्याचा फायदा झाला असेल तर तो इथे. एल क्लासिको, म्हणजे बार्सिलोनाविरुद्धचा सामना, हरल्यावर अवघ्या तीन दिवसांनी देपोर्तिवोविरुद्ध झिदानने संघात नऊ बदल केले, रोनाल्डोशिवाय खेळला, 6-2 जिंकला. त्या विश्रांतीचं फळ चॅम्पियन्स लीगमध्ये दिसलं: उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे रोनाल्डोचे दहा गोल.

आणि 2019-20 चं काय? रोनाल्डो तोवर युव्हेंटसमध्ये होता. झिदानच्या माद्रिदने ला लीग जिंकली ती बचावाच्या जोरावर: 38 सामन्यांत फक्त 25 गोल खाल्ले. आघाडीपटू बेन्झेमाखालोखाल सर्वाधिक, 11 गोल बचावपटू रामोसचे. टाळेबंदीनंतर स्पर्धा सुरू झाल्यावर पहिले दहाही सामने जिंकले. टीकाच करायची तर कोपा देल रे या स्पेनच्या चषक स्पर्धेवर करावी. ती झिदानला एकदाही जिंकता आली नाही आणि 2021 मध्ये तर तिसऱ्या श्रेणीतल्या अल्कोयानोने त्याला घरी पाठवलं.