डुलत आली ती डुलाली

लंडनच्या क्लायंटने काल कॉलवर सहज विचारलं, तू मूळचा कुठला? नाशिकजवळच्या देवळालीचा म्हटलं तर पठ्ठ्या हसायलाच लागला, म्यूट करायचंही भान नाही, आणि आमचे मॅनेजर काही न कळता त्याच्यासोबत हसले. मागाहून कळलं, त्यांच्याकडे 'डुलाली' म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला, आणि हा शब्द त्यांनी उचलला आमच्या गावावरून!

आज गाडीत शेजारच्याला हे सांगत होतो, तर समोरच्या पासवाल्या काकांनी विषय ताब्यातच घेतला.

"सोपंय हो. गोरा सोजीर दारू पिऊन डुलत यायचा. डुलत आला तो डुलाला. बाई असेल तर डुलाली."

"काका, देवळालीचं डुलाली झालं. आधी 'डुलाली टॅप' म्हणायचे."

"टॅप म्हणजे नळ. नळाला पाणी नसेल कॅम्पात. डोकं फिरतंच, आमच्या सोसायटीत या एकदा."

"नळ नाही हो, ताप! आपला ताप!"

"तुम्हाला ताप आहे?" काका खिडकीकडे सरकले. "मग घरी झोपायचं ना, गर्दीत कशाला आलात?"

पलीकडच्या काकूंनी पदर नाकाला लावला. वर बसलेला एक पोरगा म्हणाला, देवळाली म्हणजे राहुरीजवळची ना, प्रवरावाली? तिथे माझी आत्या असते. घ्या.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, अशी की 1861 पासून आमच्या देवळालीत ब्रिटिश सैन्याचा कॅम्प होता, मुदत संपलेले सोजीर तिथे बोटीची वाट बघत बसायचे, बोटी मात्र थंडीच्या मोसमातच सुटायच्या, त्यामुळे ज्याची नोकरी मार्चनंतर संपली तो अख्खा उन्हाळा-पावसाळा तिथेच, काम नाही, ऊन, मलेरिया, दारू, मग कोण शुद्धीवर राहणार? बोटींचं वेळापत्रक सरकारचं आणि वेडात नाव आमचं! ज्या गावात पुढे हवा चांगली म्हणून मुंबईची माणसं सॅनिटोरियममध्ये येऊन राहिली, त्या गावाचं! डिक्शनरीवाले व्युत्पत्ती छापून मोकळे, सॉरीबिरी काही नाही.

हे सगळं मी तावातावाने सांगितलं. काका म्हणाले, "बघा, बडबडतायत. चढलाय."

काकूंनी पर्समधून तापावरची गोळी काढली आणि मी ती गिळेपर्यंत माझ्यावरची नजर हलवली नाही.