ऑक्सिमीटरवर ९८, पण आवाज बसलेला

परवा रात्री कळव्याला मावशीच्या बिल्डिंगमधला मीटर बॉक्स पेटला. जिन्यात वायरींचा काळा धूर, त्यातून ती चार मजले उतरली. कुठेही भाजलं नाही. मी फोन केला तर आवाज घोगरा. म्हणाली, "अगं, ऑक्सिमीटरवर ९८ आहे. ग्रुपवर आलंय, ९५च्या वर असलं की हॉस्पिटल नको, गूळ खा नि हळदीचं दूध प्या." त्याच मेसेजमध्ये आणखीही होतं: धुरात ओला रुमाल तोंडाला धरा, वाकून चाला, एक्स-रे साफ आला म्हणजे सुटलात, घरात उरलेलं स्टिरॉइड नि अँटिबायोटिक घ्या. मी बर्न्स वॉर्डात, म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डात, नर्स आहे. डोकंच फिरलं.

आधी ते ९८. बंद जागेतल्या आगीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. बोटावरचा ऑक्सिमीटर रक्तातून प्रकाश सोडून आकडा काढतो. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. माणूस आतून गुदमरत असतो, काचेवर ९८! खरं काय ते हॉस्पिटलात रक्त को-ऑक्सिमीटर नावाच्या यंत्रावर तपासल्यावरच कळतं. त्या रिपोर्टसाठीही थांबायचं नाही, मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन लगेच लावायचा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. तुम्ही तोवर दूध उकळत बसणार?

आणि दूध पाजायचं कुठे, सुजणाऱ्या घशात? वायरचं प्लास्टिक जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, ओल्या घशात त्याचं ॲसिडच होतं. सूज लगेच दिसत नाही, काही तासांत चढते, २४ तासांपर्यंत वाढते. आवाज बसला, नाकातले केस जळाले, थुंकीत काजळी आली, श्वासाला घरघर लागली, यातलं एकही दिसलं तर १०८ लावा. उशीर झाला तर श्वासाची नळी घालायलाही वाट उरत नाही. आत किती लागलंय ते श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघावं लागतं. अमेरिकन बर्न असोसिएशनच्या निकषांत श्वासनलिकेला धूर लागल्याची नुसती शंका आली तरी बर्न सेंटरशी बोला असं आहे. आपल्याकडे ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे.

'एक्स-रे साफ म्हणजे सुटलात' हेही चूक, सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा साफच येतो. उरलेलं स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक मनाने घ्यायचं तर अजिबात नाही.

ओल्या रुमालाचं थोडं मान्य, काजळी अडते. वायू नाही अडत. वाकून चाला, हे मात्र बरोबर.

मावशीला भावाने रात्रीच नेलं. कॅज्युअल्टीत खोकली तर पांढऱ्या रुमालावर काळं पडलं. त्या रुमालाचा फोटो मी तिच्या ग्रुपवर टाकलाय, त्याच मेसेजच्या खाली.